दारू सोडण्याची शपथ : एकट्याची की संघटनेची?

तामिळनाडूत दारूच्या दुकानांवरील पाट्यांतून आणि चित्रपटगृहांच्या पडद्यांवरून एक वाक्य गेली कित्येक दशके तमिळ माणसाच्या डोळ्यांसमोर आहे : ‘कुडि कुडियैक् केडुक्कुम्’. मराठीत ते उतरवू पाहणाऱ्याची मोठी अडचण होते. पहिल्या ‘कुडि’चा अर्थ दारू पिणे, दुसऱ्या ‘कुडि’चा अर्थ कुटुंब. ‘दारू कुटुंबाचा नाश करते’ असे भाषांतर केले की अर्थ पोहोचतो, परंतु एकाच शब्दाने दोन्हीकडून घातलेला घाव नाहीसा होतो. शिवाय ‘कुडि’ म्हणजे केवळ कुटुंब नव्हे. कसणारी रयत हाही त्याचा अर्थ आहे. तंजावरच्या जुन्या जमीनव्यवस्थेत कसणाऱ्याच्या वाट्याला ‘कुडिवारम्’ म्हणत आणि वरच्या मालकाच्या वाट्याला ‘मेल्वारम्’. मराठीतील ‘कूळ’ या शब्दाची कथाही काही वेगळी नाही. कूळ म्हणजे घराणे, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी. तेव्हा त्या पाटीवरील वाक्याचा पुरता अर्थ असा की, दारू घराण्याला बुडवते आणि कसणाऱ्यालाही बुडवते. आणि ही पाटी लावून ती दारू विकणारा दुकानदार आहे खुद्द राज्य सरकार!

या विसंगतीकडे नुसते बोट दाखवून हसणे सोपे आहे. परंतु प्रश्न गंभीर आहे आणि तो आपल्या चळवळीच्या दारापर्यंत आलेला आहे. ‘यापुढे आयुष्यात दारूला शिवणार नाही’ असे जेव्हा एखादा शेतमजूर, एखादा गिरणीकामगार किंवा आपल्याच शाखेचा एखादा सभासद म्हणतो, तेव्हा त्या शब्दांची किंमत काय? तो शब्द पाळला जाईल की नाही हे त्याच्या मनोबलावर ठरते, की आणखी कशावर? आणि त्याने तो मोडला तर त्याच्या साथींनी काय करावे?

कावेरीकाठचे तिरुवैयारु

हा प्रश्न तिरुवैयारुच्या संदर्भात पाहणे बोधप्रद ठरेल. तंजावरपासून सुमारे बारा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी हे गाव आहे. नावाचा अर्थच पाच नद्यांचे पवित्र स्थान. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन केलेले तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले, सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, आणि तंजावरी मराठी बोलणारी घरे आजही तमिळनाडूत आहेत. याच तिरुवैयारुत संगीतकार त्यागराज राहिले आणि १८४७ साली तेथेच निवर्तले. राजाने देऊ केलेले द्रव्य त्यांनी नाकारले आणि घरोघर भिक्षा मागून निर्वाह केला, असे परंपरा सांगते. दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी आराधना होते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या रचना गातात. ते समाधिमंदिर बांधले बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी समाजातील गायिकेने, स्वतःच्या कमाईतून. ज्या उत्सवात स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता, त्याच उत्सवात पुढे स्त्रियांचा स्वर मिसळला, तो तिच्या हट्टामुळे.

हे झाले जगाला ठाऊक असलेले तिरुवैयारु. त्याच तालुक्यात आणि सबंध कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या शिवारावर राबणारा दुसरा समाज आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या मुलखात ‘पण्णैयाळ’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर बांधलेला मजूर असे. कामात कसूर झाली की त्याला चाबकाचे फटके मिळत आणि शेण कालवलेले पाणी पाजले जाई. कॉम्रेड बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी १९४० नंतरच्या दशकात गावोगाव लाल बावट्याचा संघ उभा केला आणि ही शिक्षा बंद पाडली. १९५२ साली कुळांना व पण्णैयाळांना संरक्षण देणारा तंजावरचा कायदा झाला, त्यामागे हाच लढा होता. त्या लढ्याची किंमतही मोजावी लागली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जुन्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे ४४ दलित शेतमजुरांना, त्यांत बहुसंख्य बायका-मुले, झोपडीत कोंडून जाळण्यात आले. मजुरांची मागणी होती ती मापभर भाताच्या आतबाहेरची मजुरीवाढ.

ज्या समाजाने चाबूक हिसकावून घेतला आणि मापाच्या हिशेबासाठी प्राण दिले, त्याच समाजाची मजुरी आज संध्याकाळच्या आत सरकारी दुकानाच्या गल्ल्यात जात असेल, तर ती केवळ काही व्यक्तींच्या दुर्बलतेची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. लढ्याने मिळवलेले माप मागच्या दाराने परत नेले जात आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

शपथ मोडणारे राज्य

दारुड्या माणसाला लोक दोष देतात की, तो शपथ घेतो आणि मोडतो. परंतु या प्रांतात सर्वांत अधिक वेळा शपथ घेऊन मोडणारी कोणी व्यक्ती नाही. ती राज्यसंस्था आहे.

इतिहास पाहा. १ ऑक्टोबर १९३७ रोजी राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली. बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी १९३९ साली विक्रीकर बसवण्यात आला. १९४८ साली सबंध मद्रास प्रांतात दारूबंदी झाली. १९५० च्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांची बंदी हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरवले. १९७१ साली द्रमुक सरकारने ही बंदी उठवली. विक्रीकर मात्र राहिला! १९७४ मध्ये बंदी पुन्हा आली. १९८१ मध्ये अण्णाद्रमुक सरकारने ताडी व देशी दारूची दुकाने पुन्हा उघडली. १९८३ मध्ये घाऊक विक्रीसाठी ‘टास्मॅक’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. १९८७ मध्ये ताडी आणि देशी दारू बंद, १९९० मध्ये स्वस्त दारू पुन्हा सुरू, १९९१ मध्ये पुन्हा बंद. अखेर २००३ च्या नोव्हेंबरात किरकोळ विक्रीचाही संपूर्ण मक्ता टास्मॅकने आपल्याकडे घेतला. या प्रवासात ताडाच्या झाडावर चढणाऱ्या कष्टकऱ्याचा धंदा गेला आणि विदेशी पद्धतीच्या दारूच्या कारखानदाराचा धंदा मात्र भरभराटीस आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता आकडे पाहा. २००३-०४ साली या व्यापारातून राज्याच्या तिजोरीत सुमारे ३,६०० कोटी रुपये आले. २०२३-२४ साली हा आकडा सुमारे ४५,८५५ कोटी रुपयांवर गेला. व्यसनी माणसाची लक्षणे कोणती, असे कोणत्याही डॉक्टरास विचारा. मात्रा वाढत जाणे, सोडण्याचा निश्चय वारंवार मोडणे, सोडल्यास आपण जगणारच नाही असे वाटणे, आणि दुष्परिणाम डोळ्यांसमोर दिसत असूनही चालू ठेवणे. या चारही लक्षणांवर हे राज्य पुरेपूर उतरते. त्याला व्यसन दारूचे नाही, दारूच्या उत्पन्नाचे आहे. अप्रत्यक्ष करांचे ओझे नेहमीच गरिबांवर अधिक पडते. परंतु ज्या कराच्या वसुलीसाठी करदात्याचे यकृत निकामी व्हावे लागते, त्याच्याइतका क्रूर कर दुसरा नसेल.

केवळ दाक्षिणात्य राज्यांकडे पाहून मराठी वाचकाने निश्चिंत होऊ नये. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध आवाज उठवला होता. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आणि त्याच कायद्याखाली आज परवान्यांचा बाजार चालतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. आणि समाजवादी राज्याचा दाखला द्यायचा तर प्रामाणिकपणे द्यावा. सोव्हिएत राज्याने १९२५ साली व्होडकाची सरकारी मक्तेदारी पुन्हा सुरू केली. परकीय सावकारांपुढे मान वाकवण्यापेक्षा हे बरे, असे त्याचे समर्थन करण्यात आले आणि तो उपाय तात्पुरता असल्याचे सांगितले गेले. तो तात्पुरता राहिला नाही. १९८५ साली मोठ्या गाजावाजाने पुकारलेली मद्यविरोधी मोहीमही काही वर्षांतच ढासळली. तेव्हा मालकी कोणाची एवढ्यानेच प्रश्न सुटत नाही, हा धडा आपल्याच इतिहासाने शिकवला आहे.

दोन चुकीच्या भूमिका

या प्रश्नावर आपल्या चळवळीत दोन भूमिका आढळतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिली भूमिका अशी की, मद्यपान हे शोषणाचे फळ आहे. शोषण संपले की तेही संपेल. तोवर व्यक्तीला सोडण्यास सांगणे म्हणजे बुर्झ्वा नीतिपाठ. या भूमिकेच्या समर्थनार्थ एंगल्सच्या १८४५ मधील इंग्लंडच्या कामगारवर्गावरील ग्रंथाचा हवाला दिला जातो. एंगल्सने तेथे दाखवून दिले ते खरेच आहे. दिवसभर पिळून निघालेल्या, ओलसर कोंदट घरात परतणाऱ्या कामगाराला गुत्त्याखेरीज दुसरे सुख ठेवलेले नसते, आणि त्याला त्या अवस्थेस नेणारा समाज दोषातून सुटू शकत नाही. परंतु त्याच पानांत दारूने होणारा शरीराचा आणि कुटुंबाचा विध्वंसही त्याने वर्णिला आहे. पुढे १८७६ साली प्रशियाच्या जमीनदारांच्या बटाट्याच्या दारूवर लिहिताना, ही स्वस्त दारू कोणाच्या इस्टेटी तगवते, हेही त्याने उघड केले. कारण सामाजिक आहे एवढ्यावरून उपाय पुढे ढकलता येत नाही. क्षयरोगही झोपडपट्टीतून येतो. म्हणून कोणी क्षयरोग्याला क्रांती होईपर्यंत खोकत राहा असे सांगत नाही.

दुसरी भूमिका याच्या नेमकी उलट. दारू पिणारा हा चारित्र्यहीन, त्याला संघटनेत जागा नाही, त्याने आधी सुधारून यावे. ही भूमिका वरून कडक शिस्तीची वाटते, परंतु तिच्या मुळाशी पुष्कळदा वर्णवर्गाचा अहंकार दडलेला असतो. ‘ते पिणारच’ हे वाक्य जमीनदाराच्या ओसरीवर शेतमजुराविषयी, सवर्ण आळीत दलित वस्तीविषयी, शेकडो वर्षे बोलले गेले आहे. मजुरी कमी ठेवण्याचे समर्थन म्हणूनही ते वापरले गेले आहे : जास्त दिले तर पिऊन टाकतील! बंगल्यात बर्फ घालून पिणाऱ्याचे ते ‘समाजात मिसळणे’ आणि बांधावर पिणाऱ्याचे ते ‘व्यसन’, ही भाषा कम्युनिस्टाच्या तोंडी शोभत नाही.

कोरड्या बंदीचे आंधळे भक्त आणि मुक्त विक्रीचे समर्थक हे दोघेही एका प्रसंगाने निरुत्तर होतात. २०२४ च्या जूनमध्ये कळ्ळकुरिची येथे विषारी दारूने साठाहून अधिक माणसे मेली, बहुतेक रोजंदारीवर जगणारी. ‘दुकाने बंद केली की विषारी दारू येते’ असे सरकार नेहमी सांगते. परंतु येथे तर सरकारी दुकाने उघडी होती. दुकानातील बाटलीपेक्षा मिथेनॉल मिसळलेली पिशवी स्वस्त होती, एवढेच.

आयुष्यभराची की आजच्या दिवसाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आयुष्यभराची शपथ टिकते कशी?

लोकजीवनात याची दोन जुनी उदाहरणे आहेत. तमिळ मुलखात शबरीमलैच्या यात्रेला जाणारा पुरुष माळ घालतो आणि एक्केचाळीस दिवस दारूला शिवत नाही. एरवी रोज पिणारी कित्येक माणसे ते दिवस निष्ठेने पाळतात. माळ उतरली की त्यांतील पुष्कळजण पुन्हा दुकानाच्या रांगेत दिसतात. महाराष्ट्रात वारकऱ्याची तुळशीची माळ मात्र जन्माची असते. माळकऱ्याने दारू सोडली की ती सोडली, अशी गावाची अपेक्षा असते, आणि ती बहुधा पुरी होते. हा फरक काय केवळ देवाच्या सामर्थ्याचा आहे? नव्हे. एक्केचाळीस दिवस त्या माणसाभोवती व्रत पाळणाऱ्यांचा मेळा असतो, पहाटे एकत्र स्नान असते, संध्याकाळी एकत्र भजन असते, लोक त्याला आदराने ‘सामी’ म्हणतात. बेचाळिसाव्या दिवशी मेळा पांगतो आणि माणूस एकटा उरतो. वारकऱ्याचा मेळा पांगत नाही. गावात त्याची दिंडी असते, एकादशी असते, कीर्तन असते, पुढच्या आषाढीची वाट असते. माळ एका माणसाच्या गळ्यात असते, परंतु तिचा दोरा साऱ्या गावाने धरलेला असतो.

१९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी सुरू केलेली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची चळवळ याच अनुभवावर उभी आहे. तिच्या धार्मिक परिभाषेशी आपले मतभेद असू शकतात, परंतु तिचा व्यवहार अभ्यासण्याजोगा आहे. ती माणसाला जन्माची प्रतिज्ञा करायला लावत नाही. फक्त आजचा दिवस पिऊ नको, आणि उद्या पुन्हा आमच्यात येऊन बस, असे सांगते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही बरे होऊन गेलेली माणसेच नव्या रुग्णांना हात देतात.

मग आयुष्यभराची प्रतिज्ञा निरर्थक काय? तसेही नाही. कम्युनिस्टाला हा प्रश्न समजण्यास सर्वांत सोपा असावा. पक्षात येणारा माणूस येतो तो आयुष्यभरासाठी. मेळाव्यात कोणी पाच वर्षांसाठी क्रांतिकारक होण्याची घोषणा करीत नाही. आणि तरीही सभासदत्वाचे नूतनीकरण दरवर्षी होते. काम तपासले जाते, वर्गणी घेतली जाते, त्रुटी सांगितल्या जातात. निष्ठा जन्माची आणि हिशेब वर्षाचा, हे आपल्याला विसंगत वाटत नाही. जन्माचा निश्चय दिशा ठरवतो, ठराविक काळाचा हिशेब माणसाला त्या दिशेवर ठेवतो. दारू सोडणाऱ्याचा हिशेब वर्षाचा नसून संध्याकाळचा असतो, इतकाच फरक. तिरुवैयारुची आराधनाही दीडशे वर्षांहून जुन्या स्मृतीची असली तरी ती दरवर्षी नव्याने बसून, एकत्र गाऊनच जिवंत राहिली आहे.

एकट्याच्या त्यागाची मर्यादा कोठे आहे, तेही पाहिले पाहिजे. ३१ जुलै २०१५ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात शशी पेरुमाळ हे गांधीवादी कार्यकर्ते एक दुकान हटवण्याच्या मागणीसाठी मोबाइलच्या मनोऱ्यावर चढून आंदोलन करीत असता मरण पावले. दारूबंदीला वाहिलेल्या त्यांच्या आयुष्याबद्दल आदर वाटावा तितका थोडा. त्यांच्या मृत्यूने राज्य ढवळून निघाले. पुढच्या वर्षी, २०१६ साली, निवडणुकीनंतर पाचशे दुकाने बंद झाली, त्यानंतर २०१७ आणि २०२३ मध्येही पाचशे-पाचशे. परंतु उत्पन्नाचा आकडा चढतच राहिला. एका माणसाचा प्राण जाऊनही जे हलत नाही, ते हलवायला संघटित माणसे लागतात.

संघटनेने काय करून दाखवले

संघटित माणसांनी हे करून दाखवलेले आहे. १९७२-७३ च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याच्या भिल्ल स्त्रियांनी, श्रमिक संघटनेच्या लढ्यातून बळ घेऊन, गावोगावच्या दारूच्या हंड्या फोडल्या. जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यात पुरुषांच्या बरोबरीने उतरलेल्या या स्त्रियांना, मिळालेली मजुरी घरात पोहोचत नाही आणि दारूबरोबर मार मात्र पोहोचतो, हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

छत्तीसगडमधील दल्ली-राजहरा येथे १९७७ नंतर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाणकामगारांच्या संघटनेपुढे नेमका हाच प्रश्न आला. जून १९७७ मध्ये गोळीबारात अकरा जणांचे बळी देऊन कामगारांनी लढा दिला, त्यातून मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या ठेकेदाराकडे वाहू लागली. संघटनेने तेव्हा दारू हा वेतनाच्या मागणीइतकाच महत्त्वाचा कार्यक्रम मानला. मोहल्ल्यामोहल्ल्यांत सभा झाल्या, शपथा झाल्या, शपथ मोडणाऱ्याला कामगारांच्याच बैठकीत जाब द्यावा लागला. हजारो कामगारांनी दारू सोडली. त्याच कामगारांनी १९८३ साली स्वतःच्या श्रमाने ‘शहीद रुग्णालय’ उभारले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची हत्या झाली. त्यांच्या राजकारणाशी आपले मतभेद होते आणि आहेत. परंतु ज्या ठिकाणी संघटना आठ तासांच्या कामाबरोबर उरलेल्या सोळा तासांचाही विचार करते, त्या ठिकाणी शपथ टिकते, हा धडा घेण्यास मतभेदांची आडकाठी असू नये.

१९९२ साली आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंट्याच्या साक्षरतावर्गातील स्त्रियांनी देशी दारूचे दुकान बंद पाडले आणि ती ठिणगी राज्यभर पसरली. १९९३ मध्ये देशी दारू बंद झाली, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली, आणि १९९७ मध्ये महसुलाच्या नावाने ती मागे घेतली गेली. चळवळ ओसरली तेथे कायदाही ओसरला.

शाखांपुढील कामे

यातून आपल्या शाखांपुढे काही व्यावहारिक कामे उभी राहतात.

पहिले काम डॉक्टरशी जोडून देण्याचे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू तोडली तर हातपाय कापणे, झोप उडणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार पहिल्या दोनचार दिवसांत घडतात आणि त्यांत जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला सभेत हात वर करून शपथ घ्यायला लावून घरी पाठवणे म्हणजे निष्काळजीपणा होय. त्याला आधी सरकारी रुग्णालयात न्यावे. जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीचा विभाग, खाटा आणि औषधे असावीत ही मागणी जनसंघटनांच्या मागणीपत्रकात यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात २६ लाख माणसे मद्यपानामुळे मेली. इतक्या मृत्यूंचा रोग हा नीतिशास्त्राचा नव्हे, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

दुसरे काम संध्याकाळचे. काम सुटण्याची वेळ आणि जेवणाची वेळ यांच्यामधले दोन तास हेच धोक्याचे. त्या दोन तासांत त्याच्याजवळ कोण बसणार, याचे उत्तर शाखेकडे असले पाहिजे. वाचनालय, कलापथकाची तालीम, रात्रीचा वर्ग, नुसता चहाचा कट्टाही चालेल. पूर्वी कामगार वस्त्यांत आपल्या कचेऱ्यांचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असत. जेथे ते विझले तेथे दुसऱ्या दुकानांचे दिवे लागले, हे आत्मपरीक्षणपूर्वक मान्य केले पाहिजे.

तिसरे, घसरणाऱ्या साथीविषयीचे धोरण. समजा, एका शाखेतील चांगला कार्यकर्ता दारू सोडतो, सात महिने टिकतो आणि एका लग्नात पुन्हा पितो. दुसऱ्या दिवसापासून तो शरमेने कचेरीत येत नाही. नेमक्या या वेळी त्याचे नाव पटावरून कमी केले, तर त्याला उरलेला एकमेव आधार आपण काढून घेतो. त्याच्या घरी दोघांनी जावे, सात महिने पुसले गेले नाहीत हे त्याला सांगावे आणि आठव्या महिन्याची सुरुवात करून द्यावी. निधीची अथवा जाहीर नेतृत्वाची जबाबदारी काही काळ दुसऱ्याकडे द्यावी लागेल; तीही स्पष्ट बोलून, पाठीमागे कुजबुज न करता. परंतु एक सीमारेषा ठाम असावी. दारू पिऊन पत्नीवर हात टाकणे हा आजार नव्हे, तो अपराध आहे, आणि त्याची कारवाई वेगळी व तत्काळ झाली पाहिजे. तसेच नवऱ्याच्या शपथेची राखण करण्याचे काम बायकोवर टाकू नये. तिने आधीच पुष्कळ सोसलेले असते.

चौथे, आपल्या स्वतःच्या सवयी. परिषदेनंतरच्या रात्री ‘थोडीशी’ चालते, निवडणुकीत मित्रपक्षाच्या बाटल्यांकडे काणाडोळा होतो, आणि मग त्याच तोंडाने वस्तीत व्यसनमुक्तीचे भाषण होते. लोक भाषण विसरतात, ते दृश्य विसरत नाहीत.

पाचवे, विक्रेत्या कामगारांचा प्रश्न. टास्मॅकच्या दुकानांत काम करणारे हजारो कर्मचारी, त्यांत अनेक पदवीधर, २००३ मध्ये ठोक पगारावर नेमले गेले. गल्ल्यामागे उभा असलेला तो आपला शत्रू नव्हे. दुकान बंद करण्याच्या प्रत्येक मागणीबरोबर त्याला दुसऱ्या सरकारी खात्यात सामावून घेण्याची मागणी जोडलीच पाहिजे. त्याचबरोबर महाराष्ट्रात स्त्रियांच्या मतदानाने ‘बाटली आडवी’ करण्याचा जो अधिकार लढून मिळवला गेला, तसा दुकान बंद करण्याचा निर्णायक अधिकार सर्वत्र गावाच्या हाती यावा, आणि बुडणारे उत्पन्न श्रीमंतांवरील प्रत्यक्ष करांतून उभे करावे, ही राजकीय मागणी आहे.

दारू सोडण्याची शपथ एकट्याच्या तोंडून निघते, हे खरे. ती घेण्याचे धैर्यही त्याचे एकट्याचेच, आणि त्याचे श्रेय कोणत्याही संघटनेने हिरावून घेऊ नये. परंतु कावेरीकाठचा चाबूक कोणा एका पण्णैयाळाच्या मनोबलाने तुटला नव्हता. संघाचा माणूस उद्या विचारायला येईल, हे जमीनदाराला कळले तेव्हा तो तुटला. दारू सोडलेल्या शेतमजुरालाही संध्याकाळी कोणीतरी विचारायला आले पाहिजे. ‘कुडि’ या शब्दाचे दोन अर्थ सरकारी पाटीवर एकमेकांसमोर उभे आहेत. त्यांतील घराण्याच्या आणि कसणाऱ्याच्या बाजूने उभे राहणे हे आपले काम आहे, आणि ते पुढील शाखासभेपासूनच सुरू करता येईल.